आठ गुण

दहावीच्या मराठीच्या पेपरांचा गठ्ठा संपत आलाय. 80 गुणांपैकी 24 उपयोजित लेखनाचे, त्यातले 8 शेवटच्या लेखनकौशल्याचे. त्यात लिहिलेल्या बहुतेक आत्मकथनांची सुरुवात आणि शेवट गाइडातून उचललेले. शुद्धलेखन चोख, मुद्दे सगळे. सहा-सात गुण सहज पडतात. आज मात्र एकाच्या आत्मकथनातली पडकी विहीर म्हणाली, ‘माझ्या तळाशी आता नुसती पोहऱ्याची कडी उरलीया.’ ‘उरलीया’खाली माझं लाल पेन थबकलं. पान पुन्हा वाचलं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो; तरी ते लेकरू काठाशी वाकून आत बघताना दिसलं. ऱ्हस्व-दीर्घ जागोजागी चुकलेलं. तरी सात दिले. मॉडरेटरांनी कमी करायचे म्हटलं, तर ही ओळ त्यांना वाचून दाखवेन.