निळी वायर

लुकासच्या जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटचं सगळं खातं निळं. स्विचपासून पायातल्या डिपर स्विचपर्यंत नुसती निळी वायर, तिथून अप्परला निळ्यावर पांढरी रेघ, डिपरला निळ्यावर लाल. अर्थ काळी. बेचाळीस वर्षं हे रंग माझ्या बोटांखालून जाताहेत. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि मोतीबिंदू डोळ्यातून आधी काढून नेतो तो नेमका निळा रंग. हे मला त्रेसष्टाव्या वर्षी समजलं, तेही डॉक्टरांच्या आधी एका अँबॅसडरनं सांगितलं.

गाडी 1964 ची, मार्क टू. काचीगुड्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. सरांना भाचीच्या लग्नाला देगलूरमार्गे नांदेडला जायचं होतं, याच गाडीनं. परतीचा प्रवास रात्रीचा. ते म्हणाले, "उजेडाचं तेवढं बघा हो, समोरचं काही दिसत नाही." मी मनात म्हटलं, वयानं दिसत नसेल. त्यांच्या वयाबद्दल म्हटलं, माझ्या नाही.

उजेड खरोखरच कमी होता. बॅटरीवर 12.6 व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर 11.1. दीड व्होल्ट वाटेतच गळत होते. या गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, तिथून खाली पायापाशी येतो, मग परत पुढे दिव्यापर्यंत. साठ वर्षांत प्रत्येक जोडावर थोडं काळं धरतं आणि प्रत्येक जोड आपला वाटा कापून घेतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड दहा टक्के उतरत नाही, तिसाएक टक्के उतरतो. म्हणून बल्ब बदलून काही होत नाही, वाट बदलावी लागते. दोन रिले बसवायचे, जुन्या स्विचनं फक्त रिलेला इशारा द्यायचा, आणि दिव्याचा करंट जाड वायरनं सरळ न्यायचा.

सरळ म्हणजे कुठून, यावर मी भांडू शकतो. नव्या पोरांना बॅटरीचा प्लस सोपा वाटतो. डायनामोच्या गाडीत ते चूक आहे. लोड बॅटरीवरून उचललं की कटआउटला वाटतं, बॅटरीच एवढा करंट खाते आहे. त्याचा हिशेब बिघडतो, अँपिअर मीटर खोटं चार्जिंग दाखवतो. मी कटआउटच्या ए-वन टर्मिनलवरून घेतो. आणि प्रत्येक फिलामेंटला वेगळा फ्यूज देतो. कंपनीनं हेडलाइटला फ्यूजच दिला नव्हता. लोक त्याला कंजुषी म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो, कारण एकच फ्यूज असता आणि घाटात उडाला असता तर दोन्ही दिवे एकदम गेले असते. चार फ्यूज दिले की एक उडाला तरी माणूस घरी पोचतो.

हे सगळं केलं. रिलेपासून दिव्यापर्यंतची मूळ कापडी वायर मात्र ठेवली. धड होती, आणि बॉनेट उघडलं की ती दिसते. साठ वर्षांचं कापडी वेष्टन जपणारा हैदराबादेत मी एकटाच आहे, असं मला वाटायचं. जाणकाराने बॉनेटखाली डोकावून काही न बोलता मान हलवावी, यासाठी मी किती रात्री घालवल्या आहेत ते माझ्या घरच्यांना विचारा.

गॅरेजसमोर गल्लीत एक भिंत आहे. तिच्यावर रेघा मारल्या आहेत. संध्याकाळी गाडी तिच्यासमोर लावायची आणि उजेड बघायचा, हे माझं मीटर. अप्पर लावला, लखलखीत पडला. डिपर मारला आणि उजवा दिवा पिवळा पडला.

"अर्थ," मी म्हणालो.

माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, आयटीआय झालेला, मल्लेपल्लीहून येतो. त्यानं मीटर लावला. दिव्याच्या अर्थ टर्मिनलवर, बॅटरीच्या मायनसच्या तुलनेत, जवळजवळ अडीच व्होल्ट. अर्थ धड असेल तर तिथं काहीच दिसता कामा नये. झालं, मला हवं तेच निघालं. कारण अर्थ हा माझा जुना शत्रू आहे. मडगार्ड रंगवून परत आवळलेलं असतं, बोल्टाखाली लांबी असते, रंग असतो, रबराची पट्टी असते. टेस्ट लॅम्प लावला तर तो छान पेटतो, कारण त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. साठ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर मागतो, तेव्हा त्याच जोडावर पाऊण व्होल्ट अडकतो. निम्मं आयुष्य मी टेस्ट लॅम्पवर विसंबलो आणि अर्थनं मला फसवलं. मग मी त्याच्यावर डूख धरला. आता कुठलाही दिवा मंद झाला की माझा हात आधी मडगार्डच्या बोल्टाकडे जातो.

दोन दिवस मी अर्थ घासला. बोल्ट काढले, पत्रा चकचकीत केला, नवे थिंबल सोल्डर केले, दिव्यापासून बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर ओढली. इंजिनची अर्थ पट्टी बदलली, राणीगंजहून नवी आणून. संध्याकाळ झाली की भिंत. अडीच व्होल्ट हलायला तयार नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला, "उस्ताद, अप्पर तो बराबर है ना? अर्थ खराब रहता तो अप्पर भी गिरता." काही वेळानं पुन्हा, "और लेफ्ट का अप्पर भी जरा लाल दिख रा, डिपर पे."

मी त्याला गप बसवलं. मला तो लाल दिसत नव्हता. जे मला दिसत नाही ते नाही, इतका साधा माझा हिशेब होता. अप्पर धड असताना अर्थ खराब कसा असेल, हे या धंद्यातलं कुठलंही पोर सांगेल. मी ते स्वतः कितीतरी पोरांना सांगितलं आहे. ते ऐकलं असतं तर दोन दिवस वाचले असते. पण सांगणारा बावीस वर्षांचा होता आणि ऐकणारा उस्ताद होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला न विचारता उजव्या दिव्याचा होल्डर ओढला, पेट्रोलच्या बोळ्यानं वायरी पुसल्या आणि दारात उन्हात धरल्या. "उस्ताद, ये काली नई है. नीली है. सफेद पट्टी भी है इसको."

मी पाहिलं. दोन्ही काळ्या होत्या. त्यातली एक किंचित तपकिरी, इतकंच. मी म्हणालो, काळीच आहे. सर नेमके तेव्हाच आले होते. ते चष्मा वर करून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "निळी आहे हो."

मी अप्परची वायर अर्थच्या पिनेवर आणि अर्थची अप्परच्या पिनेवर बसवली होती. अप्परवर काही फरक पडत नाही, फिलामेंटला करंट कुठल्या टोकानं आला याचं सोयरसुतक नसतं. पण डिपर लावला की त्याच्या करंटला सरळ वाट राहत नाही. तो उजव्या अप्परच्या फिलामेंटमधून जातो, आणि त्या निळ्या वायरनं डाव्या दिव्याकडे जाऊन तिथल्या अप्परमधूनही जातो. म्हणून दोन्ही अप्पर निखाऱ्यासारखे लाल, म्हणून डिपर पिवळा, म्हणून अर्थच्या पिनेवर अडीच व्होल्ट. मीटर खरं बोलत होता. त्याला वायरीचा रंग मात्र विचारता येत नाही. तो बघायचं काम माझं होतं.

मेहदीपट्टणमच्या सरोजिनी देवी दवाखान्यात आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्यानं डाव्याचं. त्या मधल्या महिन्यात मी भिंतीसमोर जाऊन बसायचो आणि एकेक डोळा झाकायचो. डाव्या डोळ्यानं भिंत चहा सांडल्यासारखी, उजव्यानं निळसर, जवळजवळ आभाळी. ती खरोखरच आभाळी होती. गेली दोन वर्षं मी चुना देणाऱ्याला सांगत होतो, नीळ कमी पडते आहे, अजून घाल. त्यानं बिचाऱ्यानं घातली. गल्लीतल्या कुणी काही म्हटलं नाही, उस्तादाची भिंत आहे म्हणून.

त्याच महिन्यात पोराला घेऊन चौमहल्ला पॅलेसला गेलो. निजामांची पिवळी रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट तिथं ठेवली आहे. लहानपणी माझ्या उस्तादांकडून तिच्याबद्दल ऐकलं होतं, आणि अलीकडे बघितली तेव्हा मला ती मळकी, हळदीची वाटली होती. आता एका डोळ्यानं हळद आणि दुसऱ्यानं लिंबू. त्या काळच्या गाड्यांना कार्बाइडचे दिवे असत, पाणी थेंबथेंब पाडून गॅस करायचा आणि ज्योत पेटवायची. पोरगा तिच्या दिव्यांसमोर बराच वेळ उभा होता. मी उभा होतो तिच्या रंगासमोर.

उजेडाची भूक हा माझा जुना दोष आहे. मोतीबिंदूच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, मी शंभर-नव्वद वॅटचे बल्ब बसवायचो, जुन्याच स्विचवर. होल्डर वितळायचे. डायनामो मुळात वीस-बावीस अँपिअरचा, चौकात थांबलं की काहीच न देणारा. बल्बच त्यातले सोळा खाऊन टाकायचे. गिऱ्हाईक खूष व्हायचं, टँक बंडवरून समोरून येणारा हातानं डोळे झाकायचा आणि मला अभिमान वाटायचा. आज त्याची लाज वाटते. आता तेच काम एलईडी करतात. सुताएवढ्या फिलामेंटसाठी बनवलेल्या जुन्या काचेत चौकोनी चिपा बसवायच्या, उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. आणि बसवणारे वायरी पिळून टेप गुंडाळतात, थिंबल नाही, सोल्डर नाही. 2014 साली उत्तरपाड्यात अँबॅसडर बंद झाली तेव्हा मला वाटलं होतं, उरलेल्या गाड्यांचे लाड होतील. झालं असं, की त्या गाड्या या लोकांच्या हाती लागल्या. मी कडू बोलतो हे मला माहीत आहे. पण डोळ्यात मोतीबिंदू घेऊन समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याला तो पांढरा झोत कसा फुटून दिसतो, ते मी आता स्वतः भोगलं आहे.

सरांची गाडी नांदेडला जाऊन आली. मूळ कापडी वायर अजून तशीच आहे, पण प्रत्येक टोकाला पोरानं रंगीत स्लीव्ह चढवली आहे. बॉनेट उघडलं की ती दिसते. पूर्वी मी ती ठेवू दिली नसती.

मग मी वही काढली. डोळा गेल्यापासून ऑपरेशनपर्यंतच्या दोन वर्षांत माझ्या हातून सतरा गाड्यांच्या हेडलाइटचं काम झालं. अकरा परत बोलावून तपासल्या, उन्हात, पोराच्या डोळ्यानं आणि माझ्या. दोन गाड्यांत माझी चूक निघाली. एक हेराल्ड आणि एक फियाट. हेराल्डवाले दीड वर्ष मंद डिपरवर गाडी चालवत होते आणि जुनी गाडी अशीच असते असं समजत होते.

सहा राहिल्या आहेत. काहींचे फोन बदललेत, एक गाडी विकली गेली असं ऐकतो. आपल्यापैकी कुणाकडे माझ्या हातची गाडी असेल, तर घेऊन या. डिपर लावल्यावर अप्परची तार जरा लाल दिसते का ते आधी घरीच बघा. साठीला आलेले माझे व्यवसायबंधू हे वाचत असतील, तर त्यांनी एक निळी आणि एक काळी वायर घेऊन उन्हात उभं राहावं, आणि शेजारी एखाद्या पोराला उभं करावं. गाडीवाल्यांनी दिवस मावळल्यावर यावं, म्हणजे भिंतीवर बघता येईल. पैसे घेणार नाही.