पुसलेले नाव

आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होण्यापूर्वी वाजणारी ती सुरावट ज्याने ऐकली नाही, असा माणूस आपल्या आईवडिलांच्या पिढीत मिळणे कठीण. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची एक ओळ, शिवरंजनीच्या स्वरांतली. १९३६ सालची ही रचना वॉल्टर काउफमान यांच्या नावावर आहे. हे गृहस्थ १९३४ साली युरोप सोडून मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत इथे राहिले. त्यांनी आपल्या संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका ऐकली तेव्हा त्यांना त्यात काहीच कळले नव्हते. पण ज्या संगीतावर लाखो माणसे प्रेम करतात ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यातच असली पाहिजे, असा विचार त्यांनी केला आणि ते जिथले तिथे जाऊन शिकायचे ठरवले. पुढे त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला.

हे वाचले आणि मला वाटले, आपणही त्यांची फेड करायला काय हरकत आहे? काउफमान मुंबईत ज्यांच्याबरोबर वाजवीत, त्या मेहली मेहतांनी १९४० साली ‘बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट’ सुरू केले होते. (झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव.) म्हणजे पालघरपासून नव्वदएक किलोमीटरवर, दुसरे महायुद्ध चालू असताना, चार माणसे समोरासमोर बसून हायडन आणि बेथोवेन वाजवीत होती. आणि आपल्याला क्वार्टेट म्हणजे काय हेसुद्धा ठाऊक नसावे?

आमच्याकडे त्या संगीताचा अगदीच संबंध नाही, असेही नाही. ज्या होमी भाभांच्या योजनेतून तारापूरचे अणुवीजकेंद्र उभे राहिले, ते लहानपणापासून घरच्या ध्वनिमुद्रिकांवर बेथोवेन, मोझार्ट ऐकत वाढले होते. १९६९ साली केंद्र सुरू झाले तेव्हा मात्र ते हयात नव्हते. बोईसरला आपण वीज, कारखाने आणि शिफ्टचे भोंगे यांचीच आठवण काढतो. हीही काढायला हरकत नसावी.

तर क्वार्टेट. दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. बस्स. तबला नाही, गाणारा नाही, समोर काठी हलवणारा नाही. मी घरी मोबाइलवर एक क्वार्टेट लावले असताना बाबा रात्रपाळीवरून आले. बाबा तारापूर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहेत, आणि एकादशीला भजनात टाळ धरतात. चहा पिता पिता ते थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले,

“अगं, ह्यात बुवा कोण?”

“बुवा कोणी नाही, बाबा. चौघेही सारखेच.”

“मग साथ कोण करतंय?”

मी पुष्कळ ग्रंथ धुंडाळले असते तरी ह्याहून नेमका प्रश्न मला मिळाला नसता. आपल्या बैठकीत एक मुख्य असतो; बाकीचे त्याला धरून चालतात, सांभाळतात, क्वचित त्याच्याशी खेळतात. हायडनच्या सुरुवातीच्या क्वार्टेटांतही पहिले व्हायोलिन हे बुवाच असते. पण हळूहळू तो इतर तिघांना बोलायला लावतो. चेलोकडे चाल जाते, दुसरे व्हायोलिन तिला आडवे जाते, आणि ज्या व्हायोलाकडे कोणाचे लक्ष नसते ते मध्येच काहीतरी बोलून जाते. मोझार्टने १७८५ साली सहा क्वार्टेटे छापली आणि ती हायडनलाच अर्पण केली. बेथोवेनने सोळा लिहिली. शेवटची काही इतकी अवघड, की ती मला अजून कळत नाहीत. काउफमानांना स्मरून मी ती ऐकणे सोडलेले नाही.

पण मला ज्याने खरे पकडले ते संगीत नव्हे, एक शोध होता.

हायडनच्या ‘ओपस ३’ ह्या संचातल्या पाचव्या क्वार्टेटाचा संथ भाग ‘सेरेनेड’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. पहिले व्हायोलिन गाते आणि खाली तिघेजण गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात. कितीतरी लोकांना हायडन म्हणजे हेच माहीत होते. १९६४ साली अॅलन टायसन आणि रॉबिन्स लँडन ह्या दोन अभ्यासकांनी एका लेखात दाखवून दिले, की हा संच हायडनचा नव्हेच.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. हायडन स्वतःच्या रचनांची एक टाचणवजा यादी ठेवीत असे. तीत ही सहा क्वार्टेटे नाहीत. त्याच्या हातचे एकही पान नाही. हा संच पहिल्यांदा दिसतो तो पॅरिसच्या बायो नावाच्या प्रकाशकाकडे, १७७७ साली. त्या काळी स्वरलिपी धातूच्या पत्र्यावर कोरून छापत. ह्या दोघांनी त्या जुन्या छापील प्रती बारकाईने तपासल्या. पहिल्या दोन क्वार्टेटांच्या माथ्यावर एक नाव खरवडून काढलेले होते, पण त्याच्या पुसट खुणा कागदावर उतरल्या होत्या. ते नाव होते हॉफस्टेटर. रोमान हॉफस्टेटर, जर्मनीतल्या आमोरबाख येथल्या मठातला एक साधू, जन्म १७४२. प्रकाशकाला हायडनच्या नावाचा माल खपवायचा होता. झाले! पुढे हायडनचाच शिष्य प्लेयेल याने १८०१ पासून गुरूची सगळी क्वार्टेटे छापली, त्यांत हीही घातली. आणि थकलेल्या हायडननेही ती यादी मान्य केली. जुन्या हिशेबाने ८३ असलेली हायडनची क्वार्टेटे अभ्यासक आता ६८ धरतात.

हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटले नाही. “मशीनवरचा नंबर ग्राइंडरने उडवला, तरी पत्रा उजेडात तिरका धरला की वाचता येतो,” ते म्हणाले. “पंचिंग खोल गेलेलं असतं ना!” एरवी माझ्या ह्या नादाला ते ‘त्याचा उपयोग काय’ एवढेच विचारीत. बी.ए. नंतर मी कोठेतरी कॉम्प्युटरचा कोर्स करून एमआयडीसीत चिकटावे, असे त्यांना वाटते. आणि घरची ओढाताण मला दिसत नाही असे नाही. पण त्या दिवशी त्यांनी आपणहून विचारले, “मग त्या साधूचं पुढं काय झालं?”

आपल्या मराठीच्या वर्गात बसणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नामा ह्या एकनाथकालीन कवीची पदे मिसळली. दोघेही ‘नामा’, मग कोणाचे काय हे निवडताना विद्वानांच्या नाकी नऊ आले. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले म्हणून १५८४ साली एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली, आणि तीत पुढे कोणी आपली ओवी घुसडील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असे बजावले. ज्यांचे नाव पालघरच्या कॉलेजला आहे त्या सोनोपंत दांडेकरांनी ज्ञानेश्वरीचे संपादन केले, तेही ह्याच परंपरेतले काम. एकेक शब्द तासून बघणे, हा कोणाचा, कोठून आला, हे विचारणे. टायसन-लँडन यांचा लेख आणि एकनाथांची प्रत ही एकाच पंगतीला बसणारी माणसे आहेत, असे मला वाटते. आमचे एक प्राध्यापक म्हणतात की ही तुलना ओढूनताणून आहे. आमच्या नाथांची प्रेरणा भक्ती होती, त्यांची जिज्ञासा. असेल. पण जिथे ओवीची काळजी आहे तिथे भक्ती कोठे संपते आणि जिज्ञासा कोठे सुरू होते, हे त्यांनी मला दाखवून द्यावे.

मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नाव बदलल्यावर त्या संचाचे मोल एकदम उतरले. जी मंडळी कालपर्यंत ‘सेरेनेड’वर माना डोलावीत होती, त्यांना ती अचानक बाळबोध वाटू लागली. हायडनच्या समग्र ध्वनिमुद्रणांतून हा संच पुष्कळदा वगळला जातो, आणि त्याला वेगळी जागा क्वचितच मिळते. स्वर तर तेच आहेत! सकाळच्या लोकलमध्ये बोईसरला बसले की उमरोळी मागे पडून पालघर येईपर्यंत ती चाल दोनदा पुरी ऐकून होते; ती मला आजही गोड वाटते. खरे सांगायचे तर इतर भागांत चौघांचा संवाद पातळ आहे, हे कान थोडा तयार झाल्यावर माझ्याही लक्षात आले. तिथे हायडन असता तर व्हायोलाला गप्प बसू दिले नसते. पण हा दोष १९६४ च्या आधीही तिथेच होता, आणि तो दिसायला पत्र्यावरची पुसट अक्षरे सापडावी लागली.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर शोधून काढले. हॉफस्टेटर १८१५ पर्यंत जगला. उतारवयातल्या एका पत्रात त्याने लिहिले आहे, की हायडनच्या लेखणीतून उतरलेले सारे मला इतके सुंदर वाटते आणि मनात इतके खोल रुतून बसते, की अधूनमधून त्याचे अनुकरण केल्यावाचून मला राहवत नाही. हे पत्र तो लिहीत होता त्याच सुमाराला तिकडे पॅरिसमध्ये प्लेयेलच्या छापखान्यात त्याची सहा क्वार्टेटे हायडनच्या नावाने पुन्हा छापून निघत होती.