एकटीच राहणार?

मुंबईत खोली दाखवणारा एजंट कुलूप काढून आत शिरला की थेट पलीकडच्या भिंतीपाशी जातो आणि खिडकी उघडतो. बाकी दाखवण्यासारखं काही नसतंच. दारात उभं राहिलं की ओटा, मोरी, पंखा, मीटर सगळं एका नजरेत येतं. "व्हेंटिलेशन बघा मॅडम," तो म्हणतो. बाहेर कधी शेजारच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप, कधी वाळत घातलेल्या चादरी, आणि एकदा, कांजूरमार्गला, चक्क पिंपळ. पिंपळाच्या खोलीचं भाडं दोन हजारांनी जास्त होतं. झाड पालिकेचं, पैसे मालकाचे.

मुलगी सत्तावीस वर्षांची. पवईत नोकरी करते आणि इतके दिवस पीजीत राहत होती. एका खोलीत तिघी, फ्रिजमधला एक कप्पा आणि रात्री बंद होणारं फाटक. "आई, मला आतून कडी लावता येईल अशी खोली पाहिजे, बस्स," असं ती फोनवर म्हणाली आणि मी सांगलीहून निघाले. बँकेत कर्ज विभागात नोकरी झालेली, त्यामुळे नकाशे, करार, मूल्यांकनाचे कागद यांत हयात गेलेली. आपला उपयोग होईल याची खात्री होती. पर्समध्ये मोजायची टेपसुद्धा घेतली होती.

टेप काढली की एजंटचा चेहरा पडायचा. एकाने अडीचशे चौरस फूट म्हणून सांगितलेली खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली तर एकशे ऐंशीच्या आतच भरली. "बाल्कनी पकडून सांगितलं मॅडम." बाल्कनी कुठंय? "ती आत घेतलीय ना!" म्हणजे तीच बाल्कनी एकदा खोलीत आणि एकदा खोलीबाहेर, अशी दोनदा मोजलेली. घर विकत घेणाऱ्याला निदान 2016 च्या रेरा कायद्याचा आधार आहे. बिल्डरला कार्पेट एरियाच सांगावा लागतो. त्याआधी जिना, लिफ्ट, लॉबी सगळ्यांचा वाटा तुमच्या घरात धरून 'सुपर बिल्ट-अप' असा फुगवलेला आकडा सांगायचे. भाड्याच्या खोलीचा आकडा मात्र अजून एजंटच्या तोंडीच असतो. मुलीला माझ्या टेपचं फार कौतुक नव्हतं. ती मिनिटं मोजायची. स्टेशनपासून किती, रात्री अकराला रिक्षा मिळते का, गल्लीत दिवा आहे का. मी संडासाची कडी हलवून बघायचे आणि पाण्याची वेळ विचारायचे. ती फोनची रेंज बघायची.

एकशे ऐंशी म्हटल्यावर मला वरळीची मामाची खोली आठवली. ती एकशे साठ होती. मामा बीडीडी चाळीत राहायचा. 1920 नंतरच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला 207 चाळी बांधल्या, त्यांतली एक. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, संडास सामायिक. मामा गिरणीत साच्यावर होता. मे महिन्यात आम्ही पोरं गेलो की खोलीत नऊ-दहा माणसं व्हायची, शिवाय गावाकडून नोकरीसाठी आलेला कुणी ना कुणी असायचाच. रात्रपाळीचा माणूस उठून गेला की दिवसपाळीचा त्याच वाकळेवर आडवा व्हायचा. पुरुष पॅसेजमध्ये झोपायचे. खोलीत कोण राहतं, कोण आलं, कोण गेलं, हे कुणी विचारायचं नाही. विचारायची गरजच नव्हती म्हणा, पॅसेजला सगळं ठाऊक असायचं. 1982 च्या जानेवारीत संप लागला, पुढे मामा गावी परतला, पण खोली मामेभावाने धरून ठेवली. आता तिथे टॉवर उभे राहताहेत. जुन्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरं मिळणार. मामेभाऊ आपल्या चाळीचा नंबर लागायची वाट बघतोय.

त्या खोलीत मामी एकटी बसलेली मात्र मला एकदाही आठवत नाही. दुपारीसुद्धा कुणीतरी निजलेलं असायचं आणि ती आवाज न करता तांदूळ निवडायची. जवळजवळ तेवढ्याच मापाची जागा माझी मुलगी एकटीसाठी मागत होती, आणि मुंबईची अडचण नेमकी इथेच होती. नऊ माणसांची खोली या शहराला कळते. एका बाईची खोली म्हटलं की सोसायटीची कमिटी बसते.

एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला. फॅमिली की बॅचलर? मुलगी शांतपणे म्हणायची, बॅचलर. "लेडीज बॅचलर चालेल, पण सोसायटीला विचारावं लागेल." मग मालक. बहुतेक मालक सभ्य होते. चहा विचारायचे, पंखा आमच्याकडे वळवायचे. पण प्रश्न सगळे मला. "एकटीच राहणार?" ती माझ्या शेजारीच बसलेली असायची. "कामावरून यायला उशीर होतो का? मित्रमंडळी येतात का? लग्नाचं काय?" पगाराचा आकडासुद्धा त्यांनी मलाच विचारला. तो मला ठाऊक नव्हता, तेव्हा तिने सांगितला आणि मालकांबरोबर मलाही कळला. चांगला होता. बँकेत माझ्यासमोर असा पगार घेऊन कुणी आलं असतं तर मी कर्जाला हरकत घेतली नसती.

मुलीला यातलं काहीच नवीन नव्हतं. जिना चढताना ती मला पढवायची. "तू येऊन-जाऊन असशील म्हणून सांग. आणि ती टेप नंतर काढ." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिने मला कागद वाचायला बोलावलंच नव्हतं. तिला माझे पांढरे केस हवे होते, सुती साडी हवी होती. मी समोर बसले की ती कुणाच्या तरी घरची ठरत होती. राग आला. पण कुणाचा करणार? तिचा तर नाहीच, तिने बाजार ओळखला होता.

माझीही पत पुरेना, तेव्हा "मिस्टरांशी बोलता येईल का?" असं विचारलं जायचं. आमचे हे सांगलीला. कान जरा कमी झालेत आणि यंत्र लावायला तयार नाहीत. फोनवर समोरचा काय बोलतो ते नीट कळलं नाही की एरवी फार भिडस्त असलेला हा माणूस मोठ्या आवाजात "हो, हो, अगदी बरोबर" म्हणत राहतो. मालकांना ते भलतेच पसंत पडायचे. "एकदम सज्जन माणूस," एक गृहस्थ फोन परत देत म्हणाले. ह्यांनी त्यांना कसली-कसली हमी दिली ते दोघांनाही माहीत नसावं. माझ्या नोकरीने आणि मुलीच्या पगाराने जे जमलं नव्हतं, ते त्या 'हो-हो'ने जमत होतं.

मग आडनाव. ते विचारून झालं की खाण्याचं. मासे-मटण चालणार नाही, असं दोन-तीन ठिकाणी सुरुवातीलाच सांगितलं, तो विषय तिथेच मिटला. पण मुलीची ऑफिसातली मैत्रीण, लखनौची, तीही तेव्हा खोली शोधत होती. भांडुपच्या एका खोलीबद्दल तिने फोन केला, तारीख-वेळ ठरली, मग एजंटने नाव विचारलं. मुसलमानी नाव ऐकल्यावर खोली "कालच गेली" होती. दुसऱ्या दिवशी तीच खोली त्याच एजंटने आम्हाला दाखवली, खिडकी उघडून. मुलगी आत गेलीच नाही. दारातूनच "नको" म्हणाली आणि जिना उतरायला लागली. मी मात्र आत जाऊन मोरीचा नळ सोडून बघत होते. पाणी छान होतं. माझी दरवाजे न उघडण्याची तक्रार होती, पण आडनावाने मला किती दरवाजे उघडून दिले होते त्याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढची किती वाजता आहे?"

खोली शेवटी विक्रोळीला मिळाली, कन्नमवार नगरात. म्हाडाची जुनी वसाहत. निम्म्या इमारती पुनर्विकासाला गेलेल्या, उरलेल्यांत पहाटे भांड्यांचे आवाज. मालकीणबाई विधवा, खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या. त्यांनीही "एकटीच राहणार?" विचारलं, पण विचारलं तिलाच. ती हो म्हणाली. "बरंय, भांडायला कुणी नाही," बाई म्हणाल्या आणि डिपॉझिटवर आल्या. त्यात मात्र एक रुपया सोडला नाही.

करार लीव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा. इथे माझं शिक्षण अखेर कामाला आलं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठली, पागडीच्या घरांत पिढ्या गेल्या, आणि मालकांना तेव्हा बसलेली धास्ती आजही या करारातून वाचता येते. राहायची परवानगी आहे, भाडेकरूचा हक्क नाही. मुदत संपूनही राहिलात तर 1999 च्या कायद्याप्रमाणे दुप्पट रक्कम भरा. लॉक-इनचं कलम मी दोन्ही बाजूंना सारखं करून घेतलं, रंगकामाचे पैसे कुणाचे ते लिहून घेतलं. बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं. नोंदणीला ऑफिसात जावं लागलं नाही. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. मुलीचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. बाईंचा थोडा खळखळ करून. साक्षीदार म्हणून माझा काही उमटेना. नोटा मोजून आणि भांडी घासून रेघाच झिजल्यात. शेवटी त्याने ओल्या फडक्याने पुसून, बोट बदलून, कसंबसं घेतलं.

सांगलीला परतल्यावर महिन्याभरात मालकीणबाईंचा फोन आला. मुलीकडे रविवारी पाहुणे होते, मुलगेही होते, उशिरापर्यंत हसण्याचे आवाज येत होते. "तुम्हाला सांगावं म्हटलं." ह्यांनी पलीकडच्या खोलीतून "कोण आहे, मी बोलू का?" म्हणून हात पुढे केला. मी फोन दिला नाही. बाईंना म्हटलं, करार तिच्या नावावर आहे, पहिल्या पानावर तिचा नंबर आहे, तिच्याशीच बोला. बाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तिच्याशी बोलले मी. ती म्हणाली, पुढच्या वेळी तुम्हीही या वर."