माथ्यावरून खाली

एका दिवसाची रानसहल काढायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, 'काय काय दाखवणार?' उत्तरात ठिकाणांची यादी असते: एक धबधबा, एक देऊळ, एक किल्ला, जमलं तर एखादं धरण, जेवण वाटेत. कळंबसारख्या गावातून निघणाऱ्या सहलीला शिवाय लांबची ओढ असते. डोंगर म्हणजे महाबळेश्वर, जंगल म्हणजे आंबोली आणि किनारा म्हणजे कोकण, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. म्हणून शाळांच्या सहली रात्रीच एसटीत बसतात, पहाटे कुठेतरी तोंड धुतात, दिवसभर गाडीत चढतात-उतरतात आणि दुसऱ्या रात्री पेंगत परततात. गाइडचं काम करणारा माणूस म्हणून माझं म्हणणं असं आहे की एका दिवसाच्या सहलीने एकच गोष्ट दाखवावी, ती घराजवळची असावी, आणि आमच्या भागात ती गोष्ट पाणी आहे. पाऊस जिथे पडतो त्या माथ्यावर सहल सुरू करावी आणि पाण्याच्या बरोबरीने उतरत जलाशयाच्या काठावर ती संपवावी. डोंगर, जंगल, किनारा हे तिन्ही त्यात येतात, आणि एकाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे तेही डोळ्यांनी कळतं.

कळंब मांजरेच्या काठी वसलेलं आहे. गावातून येरमाळ्याच्या दिशेने निघालं की जमीन हळूहळू चढत जाते, पण चढ अंगाला लागत नाही. बालाघाट पूर्वेकडून येणाऱ्याला डोंगर वाटतच नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीन-तुरीची शिवारं, मधूनच मुरमाड माळ, आणि मग येडशीच्या पुढे पठार एकाएकी तुटतं, खाली बार्शीकडचा मुलूख पसरलेला दिसतो. ही कड म्हणजे पाण्याची वाटणी करणारी रेघ. तिच्या पश्चिमेला उतरलेलं पाणी सीनेला, सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतं; पूर्वेला पडलेलं काही तेरणेतून, काही थेट मांजरेत जाऊन शेवटी गोदावरीला मिळतं. माझ्या मते सहलीतला पहिला थांबा इथेच हवा, आणि तो लांबलचक हवा. लोकांना गप्प उभं करावं आणि पायाखालच्या जमिनीचं पाणी कुठे जाईल ते हाताने दाखवायला सांगावं. सपाट दिसणाऱ्या माळावर उतार ओळखणं सोपं नसतं. हात चारही दिशांना जातात. मग गवत कुठल्या बाजूला आडवं पडलंय, बारीक वाळू कुठल्या दगडाच्या पाठीशी साचलीय, मुरमात कुठे बोटभर रुंदीची चर पडलीय, हे बघायला लावावं. अर्ध्या तासात माणूस जमीन वाचायला लागतो. त्यानंतर गाइडने बोलावं लागतं ते फार थोडं.

माथ्यावरून खाली उतरताना खडक आपली रचना दाखवतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून दख्खनचं पठार झालं, हे शाळेच्या पुस्तकात असतंच. पण दोन थरांमधला काळ कुठे दिसतो ते पुस्तक दाखवू शकत नाही. घाटाच्या कापलेल्या बाजूला दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी एक लाल पट्टा उघडा पडलेला असतो. वरचा काळा पाषाण नखाला दाद देत नाही, लाल पट्टा मात्र खरवडला की त्याची भुकटी नखात येते. एक लाव्हा थंड होऊन त्याची माती होऊ लागली होती, तोवर दुसरा येऊन त्याने ती भाजून काढली. हा पट्टा चिकणमातीसारखा असल्यामुळे पाणी सहज खाली सोडत नाही. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी इथे अडतं आणि आडवं सरकत दरडीतून बाहेर झिरपतं. झिरपा कुठे आहे ते झाडं सांगतात: माथ्यावर हिवर, बोर आणि कुसळीचं गवत, उतारावर धावडा, सालई, पळस, आणि ओल धरणाऱ्या जागी उंबर, जांभूळ, करंज. हे एकदा दाखवलं की पुढचा झिरपा मुलं स्वतः शोधतात, झाडाच्या हिरवेपणावरून. आमच्या कामात यापेक्षा मोठी मजुरी नाही.

या ओलीच्या वाटेने गेलं की रामलिंगची दरी येते. देऊळ खोल घळीत आहे, जटायूची कथा त्या जागेशी जोडलेली आहे, भोवतीचं जंगल 1997 पासून येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून राखलेलं आहे. क्षेत्र जेमतेम 22 चौरस किलोमीटर. श्रावणात इथे दर्शनाला आणि धबधब्याला गर्दी होते, आणि बहुतेक जण थेट घळीतच उतरतात. म्हणजे पाणी पडताना ते पाहतात, पण येतं कुठून ते त्यांनी पाहिलेलं नसतं. सहल माथ्यावरून सुरू करावी या आग्रहामागचं सर्वांत कठोर कारण हे आहे. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली 5 माणसं वाहून गेली. डोंगरातल्या पाण्याला तुम्ही उभे आहात तिथे पाऊस असावा लागत नाही. वर पडलेला पाऊस थोड्याच वेळात खाली येतो. ज्याने माथ्याचा पसारा डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला घळीचं तोंड किती अरुंद आहे ते आपोआप कळतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला की बाहेर पडायचं, हे सांगावं लागत नाही. का पडायचं ते त्याला माहीत असतं. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आले, ते चांगलंच झालं. पण दोर, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी यांच्या आधी सहलीचा क्रम येतो, आणि तो गाइडच्या हातात असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो आमच्याच लोकांकडून: पावसाळ्याचे तीन महिने ठीक, बाकी वर्षभर या उघड्याबोडक्या माळावर आहे काय? आक्षेप खोटा नाही. आंबोलीला वर्षाला 7000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे साधारण 600 ते 800. तिथे नुसतं उभं राहिलं तरी डोळा भरतो. इथे डोळ्याला काम करावं लागतं. पण गाइडचा कस कुठे लागतो, याचं उत्तरही त्यातच आहे. फेब्रुवारीनंतर पानं झडतात तेव्हा जंगलाचा सांगाडा दिसतो: घरटी, ढोली, जनावरांच्या वाटा, कोरडा पडलेला ओढा आणि त्याच्या डोहात उरलेलं शेवटचं पाणी. त्या डोहाकाठच्या चिखलात मोराचं पाऊल, साळिंदराचा पडलेला काटा, तरसाची वाळून पांढरी झालेली विष्ठा, हे सगळं एकाच जागी सापडू शकतं. तरस हाडं खातं, त्या हाडांतला चुना विष्ठेत उतरतो, म्हणून ती पांढरी. चुन्याचंच दुसरं रूप येरमाळ्यात आहे. येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत भाविक चुन्याच्या रानात चुनखडी वेचतात. लाखो हात जमिनीतून खडे उचलतात. हे खडे तिथे का, याचं उत्तर कोरडेपणात आहे. पावसाचं पाणी काळ्या पाषाणातला आणि मातीतला चुना विरघळवतं; पाऊस भरपूर असता तर तो वाहून गेला असता. इथे पाणी जमिनीतच सुकतं आणि चुना गाठी होऊन मागे राहतो. बारमाही भिजणाऱ्या मुलखात ही यात्रा या रूपात घडलीच नसती. ज्या भागातला देवीचा सोहळादेखील पावसाच्या तुटीशी असा जोडलेला आहे, तिथे पाहण्यासारखं काही नाही असं म्हणणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गुराख्याला हे सगळं ठाऊक असतं, मग मधे गाइड कशाला? ठाऊक असतं, आणि गाइडपेक्षा बारकाईने ठाऊक असतं. कुठला झिरपा चैतातही टिकतो, लांडगे कुठल्या बाजूने येतात, कोणत्या गवताला कधी दाणा धरतो, हे त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही. म्हणून सहलीत तो हवाच, आणि त्याच्या दिवसाचा मोबदला इतरांइतकाच रोख हवा. गाइडचं काम वेगळं आहे: कुणाला कधी बोलतं करायचं, कुठे थांबायचं, कुठे वेग कमी करायचा, सर्वांत मागे कोण रेंगाळतंय ते पाहायचं, आणि मुख्य म्हणजे कोणती माहिती आज सांगायची नाही ते ठरवायचं. येडशीच्या वाटेवर सांगण्यासारखं अमाप आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली, ती येडशीवरून. तेरणेच्या काठचं तेर म्हणजे प्राचीन तगर, ज्याचा माल भडोच बंदराकडे जात असे. यातली प्रत्येक गोष्ट मला प्रिय आहे, आणि पाण्याच्या सहलीत यातली प्रत्येक गोष्ट गाळायला हवी. तेरची सहल वेगळी काढावी, तिला तेवढा दिवस द्यावा.

आता वाघाचं. डिसेंबर 2024 मध्ये या अभयारण्यात वन खात्याच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो इतके जिल्हे ओलांडून आला होता. त्याला पकडून सह्याद्रीत हलवण्याचे प्रयत्न झाले, बातम्या झाल्या, आणि लगेच सफारीची भाषा सुरू झाली. वाघ आहे तर वाघ विका, असं म्हणणाऱ्यांचा हेतू मी वाईट मानत नाही; तालुक्यात रोजगाराची गरज खरी आहे. पण 22 चौरस किलोमीटर हे एका तरण्या नराला पुरणारं क्षेत्र नव्हे. तो ओढ्यांच्या, नाल्यांच्या, उसाच्या आडोशाने आला आणि त्याच आडोशाने वावरत राहिला, म्हणजे त्याची वाट शेतकऱ्याच्या बांधावरून जाते. तिथे जीप घालणं म्हणजे वाघ आणि गावकरी या दोघांनाही संकटात टाकणं. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घालावी लागली. तिथे निदान फुलं पळून जात नाहीत. आमच्या घळीत एका वेळी पंधरा-वीस माणसं हीच मला मर्यादा वाटते. माणसं नेल्याने जंगल बिघडतं हा आक्षेप तेवढ्यापुरता मान्य करायलाच हवा, आणि त्याचं उत्तर आकड्यात आणि चालण्यात आहे: कमी माणसं, पायी, आखलेल्या वाटेने, खात्याच्या परवानगीने. वाघ येण्यामागे जो ओढ्यांचा धागा आहे तो दाखवता येतो, त्यासाठी वाघ दिसायची गरज नाही.

घळीतलं पाणी सीनेकडे जातं, म्हणून इथून कड ओलांडून पूर्वेकडच्या पाण्याबरोबर परतायचं. शेवटचा टप्पा मांजरा प्रकल्पाचा जलाशय. भिंत केज तालुक्यात धनेगावला, फुगवटा कळंबच्या बाजूला. हिवाळ्यात पाणी मागे सरकू लागलं की काठाला गाळाची रुंद पट्टी उघडी पडते, त्यावर शेकाटे आणि टिटव्या उतरतात, चक्रवाकांच्या जोड्या दिसतात, आणि पाण्यामागोमाग शेतकरी गाळपेर करत जातो. समुद्राची भरती-ओहोटी दिवसात दोनदा होते, इथली वर्षात एकदा. किनाऱ्यावरचं जगणं दोन्हीकडे पाण्याच्या येण्याजाण्याला बांधलेलं आहे. इथेच 2016 ची आठवण करून द्यावी. धरण कोरडं पडलं आणि त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सकाळी माथ्यावर बोटभर चर पाहिलेल्या मुलाला हे संध्याकाळी सांगितलं, तर त्याला धरण वेगळं दिसतं. मग नकाशा उघडावा: इथून मांजरा लातूर-बिदरच्या बाजूने सिंगूर, निजामसागर करत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते.

मुलांना खरा समुद्र पाहू द्यायचाच नाही का, असं कोणी विचारील. जरूर पाहू द्यावा. पण ती सहल दोन मुक्कामांची असावी, एका दिवसात कोंबू नये, आणि वर्षातली दुसरी असावी, पहिली रामलिंगची. वाटेत आंबोलीला थांबावं. तिथे पावसाळ्यात रस्त्यालगतचा धबधबा पश्चिमेला कोसळून अरबी समुद्राकडे जातो, आणि जवळच उगम पावणारी हिरण्यकेशी पाठ फिरवून पूर्वेला, घटप्रभेतून कृष्णेकडे जाते. रामलिंगच्या घळीतून निघून सीना-भीमेच्या वाटेने गेलेलं पाणीही कृष्णेतच पोहोचतं. कड ओळखायला शिकलेली पोरं तिथे गाडीतून उतरल्यावर आधी उताराच्या दिशा शोधू लागतील, आणि धबधब्याखाली जाण्याआधी वर आभाळाकडे पाहतील.