ओट्याचा डावा कोपरा

स्वयंपाकघरावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुधा तिथे शिजणाऱ्या पदार्थांवर. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० सालच्या ‘गृहिणी-मित्र’पासून कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’पर्यंत पाककृतींचा प्रवास सहज दाखवता येतो. ओटा, मोरी आणि भिंतीतले नळ मात्र लेखनाच्या कक्षेत सहसा येत नाहीत. गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या घराचे स्वयंपाकघर उखडले गेले, तेव्हा मलाही त्यांची दखल पहिल्यांदाच घ्यावी लागली.

आमची इमारत १९८३ सालची. ओटा काळ्या कडप्प्याचा, शेजारी जमिनीलगत मोरी, भिंतीत लोखंडी नळ. काम तीन आठवड्यांचे ठरले होते. झाले नऊ आठवड्यांत. आरंभीच सोसायटीची परवानगी आली. तिचे अभियंते येऊन भिंती ठोकून पाहून गेले. बीम आणि कॉलमला छिन्नी लागणार नाही, असे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले. दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद आणि राडारोडा पोत्यांतूनच खाली न्यायचा, हेही त्यात होते. मग गॅसवाहिनीची तपासणी. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते एका तरुणाने पाहिले. बुडबुडे आले नाहीत. पण वाहिनी कपाटात कोंडायची नाही, असे त्याने बजावले आणि सुताराने आदल्या दिवशी बसवलेले कपाट काढावे लागले.

परक्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरात येऊन दोष काढावेत, याचा मला राग येई. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापाशी मी नेहमी थांबते. बाईच्या स्वयंपाकघरावर कोणाची ना कोणाची पहाऱ्याची नजर असतेच, असे वर्गात सांगत आले आहे. हे तपासनीस त्याच परंपरेतले, असा सोयीस्कर निष्कर्षही मी काढून ठेवला होता.

तो टिकला नाही. मोरीचे नवे वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिच्यात ४८ तास पाणी साठवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. “अगं, आमच्या छताला परत ओल आलीये.” त्यांच्या ‘परत’कडे माझे लक्ष गेले नाही. सगळे उखडून पुन्हा केले, पुन्हा पाणी भरले. ओल हटेना. शेवटी प्लंबरने नळांना हातपंप जोडून दाब दिला. काटा सावकाश खाली येऊ लागला.

“मॅडम, गळती नळात आहे. पण भिंत नेमकी कुठे फोडायची, ते काटा सांगत नाही.”

आई दाराशी खुर्चीवर बसली होती. वय ८१. ती म्हणाली, “ओट्याचा डावा कोपरा फोड रे.”

तिथे फोडले. विटा भिजलेल्या होत्या आणि नळाचा सांधा गंजून त्याचे पापुद्रे सुटत होते.

गेली पंधरा-सोळा वर्षे आई त्या कोपऱ्यात फडक्याची घडी ठेवत असे. मिठाची बरणी तिथे ठेवू नका, पाणी सुटते, असे घरातल्या प्रत्येकाला सांगत असे. आम्ही ते तिचे खूळ समजलो, थट्टाही केली. संहितेतल्या मौनाचा अर्थ लावा, असे विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी उमेद गेली आणि घरात रोज स्पष्ट उच्चारले जाणारे एक वाक्य मला वाचता आले नाही. काकूंनी छतावरचा तो डाग मधल्या काळात दोनदा रंगवून घेतला होता, हेही तेव्हाच कळले.

दाबाचा काटा कोणाचे वय पाहत नाही, की प्रतिष्ठा. त्या दिवशी त्याने आईची साक्ष ग्राह्य ठरवली. तिच्या साक्षीला यंत्राचा दुजोरा मिळेपर्यंत आम्ही थांबलो, ही खंत नव्या ओट्याखाली झाकली जात नाही.

आता ओटा ग्रॅनाइटचा आहे आणि नळ न गंजणाऱ्या प्लास्टिकचे. काकूंचे छत आम्ही रंगवून दिले. आई अजूनही डाव्या कोपऱ्यात फडके ठेवते. रोज सकाळी मी ते चाचपून पाहते आणि कोरडे आहे, असे तिला सांगते. ती मान डोलावते. घडी मात्र उचलत नाही.