आधी तळ, मग रंग

बर्मिंगहॅमहून आम्ही सहकुटुंब ब्राउन्स्टनला गेलो. इथे ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड हे दोन कालवे मिळतात. काठाला सात फूट रुंदीच्या, लांबलचक रंगीत बोटी बांधलेल्या. अब्बांचे बालपण दाभोळच्या खाडीत गेलेले. पाणी दिसले की त्यांचा चेहरा खुलतो. त्यांच्यासाठीच साठवलेल्या पैशांतून एक जुनी बोट घ्यायची होती.

एक बोट पसंत पडली. मालक म्हणाला, "सेफ्टी सर्टिफिकेट आहे, आणखी काय हवे?" आम्ही बयाणा काढला. अब्बा म्हणाले, "होडी घेताना आधी तळ बघतात, बेटा."

मग चौकशी केली. चार वर्षांचे ते सर्टिफिकेट गॅस, इंधन, वीज यांच्या सुरक्षिततेपुरते. तळाचे पोलाद किती झिजले, हे त्यात नसते. कालव्याचा परवानाही मालकीचा पुरावा नव्हे. त्यासाठी विक्रीखत, जुन्या पावत्या आणि बोटीवर कर्ज नसल्याची खात्री हवी. परवान्यासाठी थर्ड पार्टी विमा सक्तीचा, पण त्यातून दुसऱ्याचे नुकसान भरून निघते; आपली बोट बुडाली तर आपणच बुडालो.

बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरला दाखवली. तळ जागोजागी पातळ निघाला. पूर्ण विमा द्यायला कंपनी तयार होईना. तपासणीची फी गेली, आयुष्यभराची बचत मात्र वाचली, अल्हमदुलिल्लाह.

परतताना अब्बा काठावर थोडे थांबले. बोट आम्ही घेऊच, इन्शाअल्लाह. कागद आणि तळ पाहूनच.