पुण्याला गेलो की बघू

आमच्या घरी दात पडणे ही वयाची गोष्ट मानली जाई. बाबांना पन्नाशीतच कवळी लागली. "आपल्या घराण्याचे दातच कच्चे," असे आई म्हणायची. त्यामुळे ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा मी ते मनावर घेतले नाही. दुखत तर नव्हतेच. शिवाय इथे अमेरिकेत दातांचा खर्च! 'डिसेंबरात पुण्याला गेलो की बघू' म्हणता म्हणता चार डिसेंबर गेले.

शेवटी एक दाढ हलू लागली, तेव्हा इथल्याच दवाखान्यात गेलो. हायजीनिस्टबाईंनी बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजली. मंडळाच्या पिकनिकला हाऊजीचे आकडे पुकारावेत तशा त्या पुकारत होत्या : तीन, दोन, तीन... सहा, सात, आठ! तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असते म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. दातांवरचा चिकट थर म्हणजे जिवाणूंची वसाहत. (१६८३ साली हॉलंडच्या लेव्हेनहुकने आपल्याच दातांवरच्या थरात हे वळवळणारे जीव पाहिल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते!) थर साठला की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खोल खाच तयार होते. तिथे ब्रश पोचत नाही, हवाही फारशी नसते. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या, हवेचे वावडे असलेल्या जिवाणूंना नेमके हेच हवे असते. शरीर त्यांच्याशी लढत राहते आणि त्या लढाईत दाताला धरून ठेवणारे आपलेच हाड झिजते. तेही बहुधा न दुखता.

"घरी कुणाला मधुमेह?" त्यांनी विचारले. बाबांना होता. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, हे तेव्हा कळले. म्हणजे दोष सगळा घराण्याचा नव्हता. बाबांच्या हिरडीखाली कुणी वेळेवर पाहिलेच नव्हते.

माझी दाढ गेली. मुळापर्यंत सफाई केल्यावर बाकीचे दात टिकले. झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

परवा लेक सहज म्हणाला, "बाबा, माझ्या ब्रशला रक्त लागतं." डिसेंबर अगदी तोंडावर होता, पुण्याची तिकिटेही काढलेली होती. पण मी तेव्हाच फोन उचलला आणि इथली अपॉइंटमेंट घेतली.